निंगप्पा पाणी प्यायला होता

भवानी पेठेत बैलांच्या हौदापाशी एक लिंब होता. दर मंगळवारी गिरणीचा भोंगा झाला की त्या लिंबाखाली तात्याबाचा डफ वाजायचा, आणि बाजार उरकून निघालेली माणसं गाठोडी खाली टेकवून घटकाभर थांबायची. ख्रिस्ताचं ऐकायला थांबायची म्हणाल तर खोटं. तात्याबा आज कुणाची सालटी काढतो ते बघायला थांबायची.

माणूस हाडानं किरकोळ, पण जीभ नुकतीच धार लावून आणल्यासारखी. जन्म वळसंगच्या गावकुसाबाहेरचा. शाळेत बसून कधी शिकला नाही. गिरणीत कापडाच्या ताग्यांवरचे छाप बघून बघून त्यानं अक्षरं ओळखून काढली. मग मिशनातल्या एका म्हाताऱ्या शिक्षकानं हातात शुभवर्तमान दिलं आणि तात्याबानं ते उपाशी माणसानं ताट पुसून खावं तसं खाल्लं. नवरा-बायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. ज्या तोंडाला पिढ्यान्‌पिढ्या जोहार घालायला शिकवलं होतं, ते तोंड आता भर चौकात सवाल टाकू लागलं. हे काही थोडं नव्हतं. त्याचा ताठा ज्यांना खुपायचा त्यांनी वळसंगच्या वेशीबाहेर चार दिवस राहून बघायला हवं होतं.

पण ताठ्याला खायला लागतं. तात्याबाचा ताठा लोकांच्या हसण्यावर जगायचा.

त्याचा मंगळवारचा ठरलेला गडी म्हणजे आबासाहेब. पेठेतला भुसार व्यापारी. दुकान, वखार, आणि मिशीला तूप. दुकान नोकरावर टाकून तो मुद्दाम लिंबाखाली यायचा.

"काय रं तात्याबा, तुझा देव म्हणं मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला?"

"उठला की! तुमच्या वखारीतली ज्वारी तीन पावसाळं मरून पडलीया, ती काय उठंना. म्हणून तुमाला नवल वाटतंय."

लोक खो खो हसायचे. आबासाहेब लाल व्हायचा. ते हसणं तात्याबाला भाकरीहून गोड लागायचं. घरी येऊन डफ खुंटीला अडकवताना तो केराबाईला सगळं साभिनय सांगायचा, आणि केराबाई जात्यात मूठ टाकत विचारायची, "मग, आबासाहेब आला का परभूकडं?"

"तसं कसं लगीच येईल?"

"न्हाई, इचारलं आपलं."

बारा वर्षं डफ वाजला. लिंबाखालून एकही माणूस आला नाही.

केराबाईला अक्षर कळत नव्हतं. मिशनाच्या मुलींच्या बोर्डिंगचं दळण ती करायची. नवऱ्यानं संध्याकाळी वाचलेलं ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी जात्यावर त्याची ओवी करायची. शोमरोनातल्या बाईकडं प्रभूनं विहिरीवर पाणी मागितलं, ती गोष्ट तिच्या काळजात रुतून बसली होती. पाण्यासाठी आडापासून हातभर लांब उभं राहून, कुणी वरून ओंजळीत घालील तेव्हा पिण्यात गेलेलं तिचं बालपण. देवच पाणी मागतो म्हणताना तिचा आवाज निराळा लागायचा.

*पहिली माझी ओवी गं, आडाच्या काठाला,*
*येशू माझा थांबला, उन्हाच्या वाटंला.*

*दुसरी माझी ओवी गं, कुणी शिवंना तिला,*
*पाणी मागं येशू माझा, वंजळ लावी तोंडाला.*

"वंजळ कुटं लिवलीया शास्त्रात?" तात्याबा चूक काढायचा. "तिच्याजवळ घागर हुती."

"घागरीला तोंड लावू देतंय कोन? वंजळच धरली असंल त्यानं."

"शास्त्रात न्हाई ते घालू नगंस."

केराबाई जातं ओढत राहायची.

त्या दळणाची ज्वारी आबासाहेबाच्याच वखारीतून यायची. दर शनिवारी निंगप्पा गाडीवान पोती आणायचा. उंचापुरा, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग. बैलांशी कानडी बोलायचा, माणसांशी मराठी, आणि दोघांशी कमीच. पोती तो गल्लीच्या तोंडाशी उतरवायचा आणि लांबूनच हाक द्यायचा. शनिवारी गिरणी लवकर सुटायची, म्हणून तात्याबाच जाऊन पोती पाठीवर आणायचा. मनातून जळायचा, पण त्या बाबतीत निंगप्पा जगावेगळा नव्हता. सगळं सोलापूर त्याला तेवढ्याच लांबून हाक मारत होतं.

एका वर्षी पटकीची साथ आली. निंगप्पा गाडी घेऊन अक्कलकोटाकडं गेला होता आणि इकडं वखारीमागच्या खोलीत त्याची बायको शिवम्मा पडली. शेजाऱ्यांनी कड्या लावल्या. लग्नाला आलेली पोरगी चंद्रव्वा दारोदार फिरली आणि शेवटी, बाप जिथं पोती टाकतो त्या गल्लीत शिरून रडत उभी राहिली. केराबाईनं विचारलं नाही की कुणाची कोण. पदर खोचला आणि गेली. तीन दिवस तिथंच राहिली. पाणी उकळायची, निववायची, चमच्या-चमच्यानं घालायची, घाण झालेलं लुगडं धुवायची. शिवम्मा वाचली.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर तात्याबाचा पहिला प्रश्न, "परभूचं काय सांगितलंस का तिला?"

केराबाई चुलीपुढं बसली होती, डोळे खोल गेले होते. "अवो, तिच्या तोंडातनं चमचाभर पाणी आत ऱ्हाईना. त्यात तुमचं शुभवर्तमान कुटं कोंबू?"

पुढच्या शनिवारी पोती दारापर्यंत आली, निंगप्पाच्याच पाठीवर. त्यानं ती उतरवली आणि गेला. त्याच्या पुढच्या शनिवारी बाहेरच्या दगडावर टेकला. आत जातं फिरत होतं, ओवी चालू होती. असं किती शनिवार गेले कुणास ठाऊक. एकदा ओवी थांबली तसा तो बाहेरून म्हणाला, "अक्का, त्या आडावरच्या बाईचं फुडं काय झालं?"

तात्याबा आत पुस्तक घेऊन बसला होता. तो उठायच्या आत केराबाईनं दारात बसून सांगितलं. साधंच सांगितलं, शेजारणीची हकीकत सांगावी तसं. निंगप्पानं ऐकून घेतलं.

"आमच्यात देवावर पानी घालत्यात," तो म्हणाला. "तुमचा मागतोय?"

"मागतोय की. त्याला बी ऊन लागतंय."

निंगप्पा दगडावरून उठून दाराजवळ आला. मग म्हणाला, "अक्का, मला पानी द्या."

केराबाई दारातून उठता उठता थांबली. "निंगप्पाण्णा, इचार करा. हितलं पाणी हाय."

"हितलंच मागितलोय. शिवम्मा तीन दीस तुमच्या हातचंच पिली. ती जगली, मग मीच का कोरडा?"

ती तांब्या घेऊन आली. तो वरून प्यायला नाही, तोंड लावून प्यायला. शेवटचा घोट घेऊन त्यानं तांब्या तिच्या हातात दिला, खाली ठेवला नाही. मग तात्याबाकडं वळला.

"तात्याबा, हे हितंच ऱ्हाऊ दे. चंद्रव्वाची सोयरीक अक्कलकोटाकडं ठरलीया, माघात लगीन. ती एकदा नांदायला गेली की मी सोता लिंबाखाली येऊन हुबा ऱ्हातो. तुझा डफ मीच वाजिवतो बघ."

तात्याबानं शास्त्रावर हात ठेवला. "माझ्या तोंडातनं जाणार न्हाई."

गाडी गेल्यावर त्याला पंख फुटल्यासारखं झालं. पहिला माणूस! पण रात्रीच्या भाकरीबरोबर एक खडाही दाताखाली आला. बारा वर्षं डफ त्यानं बडवला, शिव्या आणि शेण त्यानं झेललं, आणि पहिला माणूस यावा तो जात्याच्या घरघरीमागनं? त्यानं तो खडा गिळला. गिळलेला खडा पोटात जिरत नसतो.

पौषातला एक मंगळवार. बाजार भरगच्च होता. त्या दिवशी आबासाहेब तयारीनं आला होता. धर्माबद्दल त्यानं काही विचारलंच नाही.

"तात्याबा, एकच सांग. बारा वर्षं वरडतोयस. आमच्यातला एक तरी माणूस आला का रं तुझ्याकडं? नाव सांग. एक नाव."

"परभू ज्याला बोलावतो..."

"परभूचं ऱ्हाऊ दे. नाव!"

कुणीतरी मागून ओरडलं, "एक नाव!" मग चार जण, मग दहा. "एक नाव! एक नाव!" डफाच्या ठेक्यावरच लोक ओरडायला लागले. त्याचाच ठेका, आणि हसणं त्याच्यावर. तात्याबाच्या कानशिलाला आग लागली. समोर हौदावर निंगप्पाची गाडी उभी होती, बैल पाणी पीत होते. हे त्याला दिसलं. दिसलं नव्हतं असं त्यानं पुढं आयुष्यात कधी म्हटलं नाही.

"नाव पायजे?" तो गरजला. "घ्या नाव! तुमचीच गाडी हाकणारा हा निंगप्पा माझ्या घरी बसतो, माझ्या तांब्यानं, तोंड लावून पाणी पितो! इचारा त्याला!"

ठेका तुटला. आबासाहेबाचं तोंड उघडं राहिलं. तात्याबा वाद जिंकला होता. एवढा मोठा वाद तो कधीच जिंकला नव्हता. एक श्वास आत जाऊन बाहेर येईपर्यंत ते सुख टिकलं. मग त्यानं हौदाकडं पाहिलं. निंगप्पा कासरा धरून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरी आल्यावर दार उघडं आणि घर धुऊन नेलेलं सापडलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा होता. त्यानं बैलांची तोंडं हौदातून वर ओढली आणि गाडी वळवली.

तिसऱ्या दिवशी वखारीच्या अंगणात निंगप्पाच्या जातीचे पंच बसले. अक्कलकोटाहून मुलाकडचे दोघे आले होते. निंगप्पा हात जोडून म्हणाला, "त्या घराची पायरी मी चढलो न्हाई. पोती टाकतो, येतो. त्या मानसाची माझी वळख तेवढीच."

मग तात्याबाला बोलावणं गेलं. तो गिरणीच्या कपड्यांवरच आला आणि अंगणाच्या कडेला, दाखवलं तिथं उभा राहिला. पंचांत शिवयोगी नावाचे एक म्हातारे होते. डोळ्यांनी अधू, पण माणूस समजणारे. ते सावकाश म्हणाले, "बाळा, बाजारात मानूस तावात काहीबाही बोलतो. तू बी बोलला असशील. तुला काय कबूल कर म्हनत न्हाई मी. नुस्ता गप हुबा ऱ्हा. आमी समजून घिऊ."

यापेक्षा मोठं दार कुणी कुणाला उघडून देत नाही. खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, माफी मागायला सांगितली नव्हती. तोंड मिटून उभं राहायचं होतं, एवढंच. निंगप्पा जमिनीकडं बघत होता. दाराआड चंद्रव्वाच्या बांगड्या एकदा वाजल्या.

तात्याबा गप्प उभा राहिला. पाच श्वास असेल.

मग आबासाहेब हसला. "आता का दातखीळ बसली? का तुझा धरम खोटं बोलाय शिकिवतो?"

"माझा धरम खोटं बोलाय शिकवत न्हाई," तात्याबा म्हणाला. मान ताठ, आवाज अंगणभर. "प्यायला. माझ्या डोळ्यांदेखत प्यायला."

शिवयोगींनी डोळे मिटून घेतले. अक्कलकोटाची माणसं तिथूनच उठून गेली.

निंगप्पाची गाडी गेली, वखारीमागची खोली गेली. जातीनं सांगितलं ते प्रायश्चित्त त्यानं घेतलं, आणि महिन्याच्या आत बायकापोरं घेऊन करमाळ्याला मेहुण्याच्या आश्रयाला निघून गेला. चंद्रव्वाला पुढं तिकडंच एका बिजवराला दिलं, दोन पोरांच्या बापाला. ही बातमी तात्याबाला आबासाहेबानंच दिली, लिंबाखाली, सगळ्यांदेखत.

ख्रिस्ती मंडळीत मात्र त्याचं कौतुक झालं. पाळकांनी रविवारी उभं राहून सांगितलं, की आमच्या तात्याबानं पंचांसमोर न भिता साक्ष दिली. लोकांनी वळून वळून बघितलं. तात्याबानं खाली मान घातली, जशी कौतुकात घालतात तशी. घरी येऊन म्हणाला, "ऐकलंस ना पाळक काय म्हणाले?"

केराबाई जात्याभोवतीचं पीठ गोळा करू लागली.

"मग काय खोटं बोलायला पायजे हुतं मी?"

"न्हाई."

"मग?"

तिनं जात्याचं पीठ भरून घेतलं, सूप बाजूला ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "तुमीच वाचून दाखवलंय मला. निवाड्याला बसलेल्या पिलाताफुडं परभू गप हुबा ऱ्हायला. त्याला काय बोलता येत नव्हतं व्हय?"

पेठेत ज्याच्या तोंडाला कुणी लागत नव्हतं, त्या तात्याबाला उत्तर सुचलं नाही. त्या दिवशी नाही, वर्षभर नाही. मनातल्या मनात तो हजार उत्तरं जुळवायचा आणि प्रत्येक उत्तर त्या अंगणात जाऊन पडायचं. आपण खरं बोललो, हे खरं. पण कुणासाठी बोललो? प्रभूसाठी म्हणावं, तर समोर आबासाहेबाचं हसणं उभं राहायचं. निंगप्पा नाकबूल झाला म्हणून पहिल्यांदा त्याला प्रभूचा शिष्य पेत्र आठवला होता, भिऊन तीनदा 'मी त्याला ओळखत नाही' म्हणालेला. पुढंपुढं त्याच्या ध्यानात आलं, पेत्राला परत घ्यायला प्रभू समुद्राच्या काठावर गेला होता. निखाऱ्यांवर मासे भाजून वाट बघत बसला होता. आपण काय केलं? आपण पेत्राला पंचांच्या हवाली केलं.

केराबाई दळत राहिली. ओव्याही म्हणायची. आडाची ओवी तिनं पुन्हा कधी म्हटली नाही.

डफ हळूहळू खुंटीवरच राहायला लागला. आधी एखादा मंगळवार चुकला, मग महिना. सोलापुरात मार्शल लॉ आला, त्या दिवसांत चौकात चार माणसं जमायची बंदी झाली. ती उठली तरी तात्याबा लिंबाखाली गेला नाही. आबासाहेबाला करमेना. रस्त्यात गाठून म्हणायचा, "का रं, देव संपला का तुझा?" तात्याबा "सलाम, आबासाहेब," म्हणून पुढं जायचा.

मार्शल लॉला तीन वर्षं होऊन गेल्यावर मंडळीनं त्याला करमाळ्याच्या बाजाराला शुभवर्तमानाची पत्रकं वाटायला पाठवायचं ठरवलं. दुसरं कुठलंही गाव असतं तर तो नाही म्हणाला असता. जाताना केराबाईनं भाकरीचं गाठोडं दिलं आणि एवढंच म्हणाली, "लई बोलू नगा."

वाटभर तो काय बोलायचं ते जुळवत होता. आधी हे, मग ते, मग पाया पडायचं. बाजाराच्या टोकाला विचारत विचारत तो पोचला. कडब्याच्या गंजीशेजारी एक खोली, पुढं पायरी. पायरीवर निंगप्पा दोरी वळत बसला होता. डोकं पांढरं झालेलं. अंगणात एक बाई दुसऱ्याच कुणाची वाटावीत अशी दोन पोरं न्हाऊ घालत होती. ती चंद्रव्वा होती. तिनं तात्याबाकडं एकदा पाहिलं, ओल्या पोरांचे हात धरले आणि आत गेली.

जुळवलेलं सगळं भाषण तात्याबाच्या घशातच वाळलं. ऊन होतंच. तो म्हणाला, "निंगप्पा, तहान लागलीया. पाणी दे."

निंगप्पानं दोरी खाली ठेवली. मग उठून आत गेला आणि तांब्या घेऊन पायरीवर उभा राहिला.

"वंजळ धर," तो म्हणाला.

बाप्तिस्मा घेतल्यापासून तात्याबानं कुणापुढं ओंजळ धरली नव्हती. 'तहानेनं मरेन पण वरनं घातलेलं पिणार न्हाई,' असं त्यानं लिंबाखाली शंभरदा सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. आजही ते बरोबरच होतं. तो खाली बसला. दोन्ही हात जुळवून तोंडाला लावले. निंगप्पानं वरून धार धरली. बारीक, संथ. एकदाही थांबवली नाही, की घाई केली नाही. तात्याबा पीत होता आणि पाणी कोपरावरून मातीत गळत होतं.

तेवढ्यात आत जातं सुरू झालं. शिवम्माचा आवाज त्यानं ओळखला नाही, पण चाल ओळखली.

*पहिली माझी ओवी गं, आडाच्या काठाला,*
*वाटसरू कुणी थांबला, उन्हाच्या वाटंला.*

*दुसरी माझी ओवी गं, कुणी शिवंना तिला,*
*पाणी मागं वाटसरू, वंजळ लावी तोंडाला.*

नाव काढून टाकलं होतं. बाकी शब्दन्‌शब्द तोच. तात्याबाचं तोंड उघडलं. आयुष्यभर चुका काढत आलेलं तोंड. वाटसरू नव्हे, कोण ते सांगायला ते आपोआप उघडलं. ओंजळीतलं पाणी सांडलं.

निंगप्पाची धार थांबली. "काय?" तो म्हणाला. "काय बोलनार हाईस?"

तात्याबानं वर पाहिलं. निंगप्पाच्या डोळ्यांत जुनं भय होतं, वखारीच्या अंगणातलं. पण या खेपेला ते घरात जपलेल्या एका ओवीसाठी होतं.

"काय न्हाई," तात्याबा म्हणाला आणि तोंड मिटून घेतलं. पुन्हा ओंजळ धरली.

निंगप्पानं उरलेलं पाणी घातलं. मग तांब्या पायरीवर पालथा ठेवून म्हणाला, "अक्का बरी हाय?"

"बरी हाय."

"मग जा आता. पुन्ना येऊ नगंस."

पत्रकांची गठडी तशीच बांधलेली घेऊन तात्याबा परत आला. केराबाईनं गठडीकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, पाय धुवायला पाणी दिलं.

"भेटला?"

"भेटला. तुझी ख्यालीखुशाली इचारली."

"शिवम्मा?"

"दळत हुती."

"ओवी म्हणत हुती का काय?"

"व्हय."

"कुठली?"

तात्याबानं पायावर पाणी घेतलं. एका पायावर, मग दुसऱ्या. केराबाईला कळलं, कुठली ते. मग पदर तोंडाला लावून आत गेली, आणि जरा वेळानं, भलत्याच वेळी, जातं सुरू झालं.